दहांपैकी आठ

टॅग दहा होते. यशोधरा रामटेकेने आठ वाचले आणि सही दहांवर केली.

टॅग म्हणजे रुळांच्या मध्ये स्लीपरवर बोल्टने आवळलेली एक चपटी पेटी. तिला ना तार, ना बॅटरी. इंजिन वरून गेलं की त्याच्या पोटाखालचा रीडर तिला जागं करतो आणि ती आपला पत्ता सांगते : तू अमुक किलोमीटरवर आहेस. पुढचा लाल सिग्नल कुठे आहे, हे स्टेशनातलं यंत्र रेडिओवरून कळवतं. इंजिनातलं यंत्र या दोन्हींचं गणित मांडून ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर दाखवतं, लाल किती दूर आणि वेग किती चालेल. ड्रायव्हरने वेग आवरला नाही तर आधी भोंगा वाजतो, मग यंत्र स्वतःच ब्रेक लावतं. या सगळ्याला कवच म्हणतात. आणि हे सगळं उभं असतं त्या पेटीने सांगितलेल्या पत्त्यावर.

खडी साफ करणारं मशीन येणार असलं की टॅग काढून ठेवावे लागतात, नाहीतर मशीनच्या दातांत त्यांचा चुरा होतो. सिग्नल विभागात इंजिनिअर असलेल्या यशोधराच्या गँगची यासाठी एक रीत होती. काढताना जायचं, लावताना परतायचं. काढलेले टॅग पोत्यात एकावर एक रचत जायचे आणि येताना वरून एकेक उचलून लावत यायचं. असं केलं की क्रम चुकतच नाही. शेवटी हातातल्या रीडरने प्रत्येक टॅग वाचायचा आणि रजिस्टरात सही करायची.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी पोत्याचा तळ उसवला आणि सगळ्यात खालचे दोन टॅग खडीवर घसरले. गँगमधल्या नथ्थूने ते उचलून पुन्हा खाली सारले. “सब सही रखे हैं दीदी,” तो म्हणाला. पेट्यांवरचे आकडे ग्रीसने माखले होते. आठ टॅग लावून, वाचून झाले. शेवटचे दोन लावले तेव्हा रीडरची बॅटरी संपली. लाइन मोकळी करायला चार मिनिटं उरली होती आणि गाड्या सोडणारा कंट्रोलवाला फोनवर एकसारखा ओरडत होता. यशोधराने नथ्थूच्या पाठीवर रजिस्टर टेकवलं आणि दहाही रकान्यांत लिहिलं : वाचला, बरोबर.

दोन दिवस काही झालं नाही. पुढे दूरवर सगळे सिग्नल हिरवे असले तर पत्ता अर्धा किलोमीटर इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. गुरुवारी दुपारी ड्रायव्हर गुलाबराव गजभियेंची कोळशाची मालगाडी तिथून गेली, तेव्हा पुढे लाल होता. अजून बराच दूर होता. पण गाडीला आपोआप ब्रेक लागला आणि ती चढावर उभी राहिली. मागे गाड्या अडकल्या. कंट्रोलच्या परवानगीने गुलाबरावांनी कवच बंद केलं आणि गाडी हाताने पुढे काढली. पुढच्या वळणावर त्यांनी लाल सिग्नल ओलांडला. जास्त नाही, इंजिनाच्या लांबीएवढा. कुणाला खरचटलंही नाही. पण लाल म्हणजे लाल. त्याच दिवशी त्यांना गाडीवरून उतरवलं. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

संध्याकाळी रेल्वे कॉलनीत ही बातमी यशोधराच्या कानावर आली आणि तिला न वाचलेले दोन टॅग आठवले. शुक्रवारी सकाळी ती नथ्थूला घेऊन तिथे गेली. रीडर रात्रभर चार्ज केलेला होता. नववा टॅग दहाव्याच्या जागी होता आणि दहावा नवव्याच्या. अदलाबदल करायला पाऊण तास लागला.

“दीदी, लिखना है क्या?” नथ्थूने विचारलं.

“नको,” ती म्हणाली. मग वाटलं, त्याला नीट कळलं नसेल, म्हणून हिंदीत पुन्हा म्हणाली, “रहने दो.”

शनिवारी चाचणीचं इंजिन त्या रुळांवरून धावलं. सगळे पत्ते बरोबर आले. गुलाबरावांनी जबाबात लिहिलं होतं की ब्रेक विनाकारण लागला. आता ते खोटं ठरलं.

त्यानंतर आठ दिवसांनी, चौकशीच्या आदल्या दिवशी, रविवारी ते स्वतःच तिच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात मोठा पिवळा लिफाफा. यशोधराचे वडील आणि ते एकाच इंजिनावर शिकले होते. वडील गेल्यावर तिच्या रेल्वेभरतीचा फॉर्म त्यांनीच रांगेत उभं राहून भरला होता.

“घरीच आहेस का बेटा? बरं झालं.”

“या भाऊजी, बसा,” यशोधराची आई मालनबाई आतून म्हणाली. “चहा ठेवते. आणि आज रेल्वेचं काही बोलायचं नाही, सांगून ठेवते.”

“वहिनी, आता रेल्वेच माझ्याशी बोलत नाही,” गुलाबराव म्हणाले. स्वतःच हसले आणि लगेच थांबले.

आई आत गेल्यावर त्यांनी खिशातून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने रूळ काढले होते.

“मला समजावून सांग. ब्रेक काहून लागला? हे पाहा, इथं मी बावन्नच्या स्पीडनं जाऊन राहिलो होतो. पडद्यावर लाल दोन किलोमीटर दूर. अन् एकदम, बघता बघता, दीड! मधला अर्धा गेला कुठं? भोंगा वाजला, स्पीड कमी करेपर्यंत धाडकन ब्रेक.”

यशोधरा त्या रेघांकडे बघत राहिली. मधला अर्धा कुठे गेला, हे त्यांनी अचूक मांडलं होतं. नवव्या टॅगच्या जागेवर त्यांनी पेन्सिलने फुलीसुद्धा मारली होती.

“धनेशने पाहिला असेल ना पडदा?” तिने विचारलं. धनेश त्यांचा सहायक.

“तो वॉकीवर बोलत होता. म्हणते, दादा, झटका लगा, पर स्क्रीन मैंने नहीं देखी. खरं तेच सांगितलं बिचाऱ्यानं.” त्यांनी कॅलेंडरच्या पानाची घडी घातली, पुन्हा उघडली. “साहेब म्हणतात, गजभिये, मशीन झूठ नहीं बोलती. अन् टेस्टमध्ये सगळं बरोबर आलं. मग खोटं कोण बोलून राहिलं? एकजण म्हणाला, टॅगवर ढकलून दे. मी म्हटलं, टॅग आपल्या यशोधराचं काम आहे. तिची सही आहे. ते बरोबरच असणार.”

यशोधराने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

“मग मीच उरलो,” गुलाबराव म्हणाले. “डुलकी लागली असेल. नाहीतर मेंदूत काही झालं असेल. सुनेनं दवाखान्यात नेलं, डोक्याचा फोटो काढला.” त्यांनी लिफाफ्यावर टिचकी मारली. “काही नाही निघालं. निघालं असतं तर बरं होतं, निदान कारण तरी सापडलं असतं.”

“कधी कधी रेडिओचा संपर्क तुटतो काका,” यशोधरा म्हणाली. “त्याने होऊ शकतं.”

रेडिओ तुटला तर पडदा तसं सांगतो. अंतर कमी होत नाही. हे तिला ठाऊक होतं. पण गुलाबरावांनी मान डोलावली, कॅलेंडरच्या पानावर फुलीच्या शेजारी ‘रेडिओ’ असं लिहिलं आणि चहा पिऊन, मालनबाईंना नमस्कार करून ते गेले.

“किती वाळले ग,” आई कप उचलताना म्हणाली. “तू काही करू शकत नाही का त्यांच्यासाठी?”

सोमवारी अकरा वाजता सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसात चौकशी सुरू झाली. टेबलापलीकडे तीन अधिकारी. आधी गुलाबरावांना बोलावलं. वीस मिनिटांनी ते बाहेर आले आणि बाकावर बसले. लिफाफा मांडीवर तसाच होता, कुणी मागितलाच नसावा. मग यशोधराला हाक आली.

टेबलावर तिचं रजिस्टर उघडं होतं. मधल्या अधिकाऱ्याने दहा रकान्यांवरून पेन फिरवलं.

“फॉर्मॅलिटी है मैडम. ये दसों टैग आपने वेरिफाई किए थे?”

‘जी’ एवढं एक अक्षर पुरलं असतं. खुर्ची मागे सारून पाच मिनिटांत ती दागिने घ्यायला सराफ बाजाराच्या वाटेला लागली असती, पुढच्या महिन्यात मावसभावाचं लग्न होतं.

“इंजिनाच्या मेमरीतून तुम्ही किती वाजल्यापासूनचा रेकॉर्ड काढलाय सर?” तिने मराठीतच विचारलं. मग भानावर येऊन हिंदीत विचारलं.

कवच बंद केलं तिथपासूनचा, असं उत्तर आलं. चौकशी लाल ओलांडल्याची होती, म्हणून.

“वीस मिनिट पहले का निकलवाइए. उसमें दसवें टैग का पता नौवें की जगह पर मिलेगा. मैंने आठ ही पढ़े थे. शुक्रवार को मैंने जाकर दोनों बदल दिए. रजिस्टर में नहीं लिखा. मेरे साथ जो था, उसे मैंने ही मना किया था.”

पंख्याखाली कागद फडफडत होते. अधिकाऱ्याने त्यांवर पेपरवेट ठेवला.

“मैडम, आप समझ रही हैं, क्या लिखवा रही हैं?”

“जी.”

जबाब टाइप होईपर्यंत तिला बाहेर बसायला सांगितलं. बाक एकच होता. ती गुलाबरावांशेजारी बसली आणि आत सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं, त्याच क्रमाने.

“म्हणजे ब्रेक विनाकारणच लागला होता,” ते म्हणाले.

“हो काका.”

“अर्धा किलोमीटर खरंच गेला होता.”

“हो.”

त्यांनी डोळे मिटले. खांदे इतके खाली आले की गेले दहा-अकरा दिवस ते वर उचललेले होते, हे तिला आत्ता दिसलं. “लाल मात्र मीच ओलांडला,” ते म्हणाले. “पडदा बंद होता अन् मी सवयीनं पडद्याकडेच पाहून राहिलो होतो. तो माझा गुन्हा. तू तो तुझ्या अंगावर घेऊ नको.” मग त्यांनी डोळे उघडले. “शुक्रवारी सरळ केले म्हणतेस?”

“शुक्रवारी सकाळी.”

“अन् मी काल तुझ्या घरी आलो.”

“हो.”

“तू रेडिओ म्हणालीस अन् मी लिहून घेतलं.”

गुलाबराव उठले. त्यांनी पिवळा लिफाफा तिच्या मांडीवर ठेवला, अगदी हळू, जणू आत काच होती.

“हे राहू दे तुझ्यापाशी. मला आता लागत नाही.”

ते जिना उतरून गेले. मागे वळून बघितलं नाही. ती उठून हाक मारणार होती, पण हाक मारून म्हणायचं काय?

क्लार्क तीन पानं घेऊन आला. प्रत्येक पानावर सही हवी होती.

“पढ़ने की जरूरत नहीं है मैडम, आपने जो बोला वही है,” तो म्हणाला. त्याची जेवणाची वेळ झाली होती.

यशोधराने लिफाफा मांडीवरच ठेवला, त्यावर पानं ठेवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.