भाऊजींची सरळ रेषा

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, सरळ रेषेचं भारी वेड. आधी ते एसी विकायचे. मग मालकांची मर्जी बसली आणि ते थेट आमच्या पेशी-प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. खोलीचं तापमान जरासुद्धा हललं नाही की गिऱ्हाईक खूश, एवढं एकच ज्ञान ते तिथून घेऊन आले होते. तेवढ्या भांडवलावर, बारा वर्षं पेशी वाढवणाऱ्या मला ते अक्कल शिकवत. मला नोकरी त्यांनी लावली असं चारचौघांत सांगतात. खरं तर मी इथे त्यांच्या सात वर्षं आधीपासून आहे. पण ताईकडे बघून मी मूग गिळून बसते.

त्या आठवड्यात दोन लिटरच्या काचेच्या बायोरिअॅक्टरमध्ये एका बेकरी कामगाराच्या त्वचेच्या पेशी वाढत होत्या. भट्टीचा भडका उडून त्याची पाठ आणि छाती जळाली होती. सर्जनने उरलेल्या चांगल्या कातडीतून छोटासा तुकडा काढून आमच्याकडे पाठवला होता. आठ दिवस झाले होते, नवव्या दिवशी पेशी त्याच्या अंगावर लावायच्या होत्या. पेशी बारीक मण्यांना चिकटून वाढतात आणि स्टिरर त्यांना हळूहळू फिरवत ठेवतो. त्या श्वास घेतात तसा ऑक्सिजन कमी होतो, यंत्र आणखी देतं, म्हणून पडद्यावरची रेषा सारखी खालीवर होते. तशी ती होत असली की मला बरं वाटतं.

त्या सकाळी बाहेरून पाहुणे येणार होते. भाऊजी नवा टाय लावून पडद्यासमोर उभे राहिले.

"ही रेषा दारू प्यायल्यासारखी का चाललीय?"

"पेशी श्वास घेतायत, भाऊजी."

"इथे सर म्हण. ते ऑटोमॅटिक बंद कर, तेच सारखं लुडबुड करतंय. स्टिरर मिनिटाला एकशे साठ फेऱ्यांवर ठेव. हवा नीट मिसळेल, रेषा सरळ होईल."

"चाळीसवरून एकदम एकशे साठ? पेशी मण्यांवरून सोलून निघतील."

"झाली सुरू हिची शाळा! ताईला सांगू का, सगळ्यांसमोर माझा अपमान करतेस म्हणून?"

बावन्न वर्षांचा माणूस, आणि धमकी काय तर बायकोला नाव सांगेन! मला हसू आलं, किळसही आली. पाहुणे गेले की लगेच कमी करू, असं मनाशी म्हणत मी बटण दाबलं.

रेषा आधी डगमगली, मग चढत गेली आणि वर जाऊन सपाट झाली. पाहुणे आले तेव्हा भाऊजींच्या चेहऱ्यावर तेज मावत नव्हतं. "अठ्ठ्याण्णव टक्के ऑक्सिजन! बघा, जरा तरी हलतेय का?" पाहुण्यांनी माना डोलावल्या, फोटो काढले. घरात कोणी जेवायलाच उरलं नाही तर डबा भरलेलाच राहणार, हे त्या कोटवाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पाहुणे चहाला गेल्यावर मी वेग खाली आणला, थोडं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मणी उघडे पडले होते. आजूबाजूला पेशींच्या फाटक्या चिंध्या तरंगत होत्या.

भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी हात झटकले.

"सेन्सर बिघडला असं लिही नोंदीत. आणि जरा हळू बोल, पाहुणे अजून चहा घेतायत."

मी नोंदीत खरं ते लिहिलं, वेळेसकट, भाऊजींच्या पदासकट. मग सर्जनला फोन लावला.

"उद्या किती वाजता पाठवताय? आम्ही सगळी तयारी ठेवलीय," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. भाऊजींची एकही गोष्ट झाकली नाही. खरं सांगायचं तर ते सांगताना मला बरंच वाटत होतं.

"नवा तुकडा दिला तर पुन्हा नऊ दिवस?"

"हो."

"त्याच्याकडे नऊ दिवस नाहीत, बाई. कालपासून ताप चढतोय." मग त्यांनी विचारलं, "वेग वाढवला तर असं होणार, हे तुमच्या त्या साहेबांना ठाऊक होतं?"

"नाही. त्यांना यातलं काहीच कळत नाही."

"मग बटण कोणी दाबलं?"

त्या माणसाला काहीच कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.

"मी," मी म्हणाले.