बेरीज चौदा

पाच वाजता कार्यालयाची खिडकी बंद होणार होती, आणि धाकटीच्या प्रबंधावर अजून सरांची सही नव्हती. आज प्रबंध जमा झाला नाही, तर पदवी थेट पुढच्या वर्षी. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती प्रबंध पोटाशी धरून बसली होती. वर्गात सहाच जण. वयाने सर्वांत लहान म्हणून ही धाकटी. विषय सर्वेक्षणाचा. लोकांना प्रश्न कसे विचारावेत, लोक उत्तरं देताना खोटं का बोलतात, हे सर दोन वर्षं शिकवत होते. निदान वेळापत्रकात तसं लिहिलं होतं. अभ्यासक्रमातल्या दहा प्रकरणांपैकी चार त्यांनी शिकवली, उरलेली सहा विद्यार्थ्यांकडूनच 'सादर' करून घेतली.

गेल्या आठवड्यात विद्यापीठाने सरांच्या शिकवण्याबद्दल समाधानाचा फॉर्म भरून घेतला. नाव लिहायचं नाही, एक ते पाचमध्ये गुण द्यायचे. फॉर्म हाती पडायच्या आधीच वर्गप्रतिनिधीने, ज्याला सगळे पुढारी म्हणत, कँटीनमध्ये ठराव पास करून घेतला होता. "सगळ्यांनी पाच. सह्या व्हायच्यात अजून. जास्त शहाणपणा कोणी करायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटीनेही. आणि फॉर्म समोर आल्यावर तिचा हात दोनावर गेला.

तेव्हापासून ती एकच हिशेब मांडत होती. पाच जणांचे पाच-पाच, आपले दोन. सत्तावीस. सरासरी साडेचार. फितूर एकच, आणि तो हुडकायला सर्वेक्षणाच्या मास्तरांना कितीसा वेळ लागणार?

आज त्या फॉर्मच्या निकालाचं पाकीट आलं आणि सर एकेकाला आत बोलवू लागले. दोघे जाऊन आले. तिसरा पुढारी, तो घाम पुसतच बाहेर पडला.

"किती दिले, ते विचारतायत. मी पाच सांगितले. तूही पाचच सांग, उगाच घोळ नको."

"आणि सही?"

"प्रबंध ठेवून जा म्हणाले."

धाकटी आत गेली.

"बस. किती दिलेस?"

पाच अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात सरांपुढच्या कागदावर तिची नजर पडली. पाच, पाच, पाच, खाली रेघ, पंधरा. शेजारी पाकिटातला कागद: विद्यार्थी सहा, एकूण गुण चौदा. तिने चौदा पुन्हा वाचले.

"तिघांतच मी पंधरावर पोचलोय," सर म्हणाले. "तुम्ही तिघं अजून बाकी."

"दोन, सर."

"का?"

"माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तुम्ही दोन महिन्यांनी परत दिलंत. त्यात एक स्वल्पविराम घातला होता. बस, तेवढंच."

सरांनी हात पुढे केला, प्रबंध घेतला, तिसरं प्रकरण उघडलं आणि वाचायला लागले. एक पान. दुसरं पान. चार पस्तीस. चार चाळीस. घाई करा म्हणायची सोय नव्हती. तक्रार तिचीच होती.

"या तक्त्यातली बेरीज चुकलीय."

तिने पाहिलं. खरंच चुकली होती. तिने पेनने आकडा दुरुस्त केला. सरांनी तो तपासला, पहिलं पान काढलं आणि सही केली. चार बावन्न.

बाहेर बाकावरचे उरलेले दोघे उठून उभे राहिले. "काय सांगायचं गं?"

"खरं सांगा," जिन्याकडे पळता पळता ती म्हणाली. "सरांना बेरीज येते."