अर्थिंगला पाणी

सामरवरणीच्या कॉलनीत तानूबाईंच्या घरी बाहेरच्या सिलिंडरपासून शेगडीपर्यंत लोखंडी पाइप आला होता. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात सून कावेरी वारली, मुलाने नवा फ्रिज आणून पाइपला खेटून ठेवला आणि तेव्हापासून त्या पाइपला हात लागला की तानूबाईंच्या बोटांना झिणझिण्या यायच्या. कावेरी दवाखान्यात "आई, घोटभर पाणी" म्हणत गेली होती. ऑपरेशन आहे म्हणून डॉक्टरांनी तिचे ओठसुद्धा ओले करू दिले नव्हते. पाइपातून हात धरणारी तहानलेली कावेरीच, दुसरं कोण, असं तानूबाईंना वाटायचं! म्हणून "तिला पाणी हवंय" म्हणत त्या रोज पाइपखाली पेलाभर पाणी ओतायच्या, आणि ओल्या फरशीवर झटका आणखीच जोरात बसायचा.

शेवटी मुलाने, गोकुळने, वायरमन आणला. "आजी, फ्रिजचा करंट पाइपात उतरतोय," तो म्हणाला. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून त्याने मीठ-कोळसा भरला आणि पाइपला बांधलेली तांब्याची तार त्यात पुरली. "भूतबीत काही नाही. फक्त खड्ड्याला रोज पाणी घाला. कोरडा पडला की झटका पुन्हा येईल."

"मग मी काय वेगळं सांगत होते रे?"

तानूबाई कळशी घेऊन खड्ड्यापाशी बसल्या.

"पी, माय. आता कोणी अडवणार नाही."