हरकत असल्यास

“...या विवाहास कोणाची योग्य हरकत असल्यास त्यांनी ती कळवावी,” असं पाळकसाहेबांनी वाचलं आणि श्वाससुद्धा न घेता पुढच्या गीताचा नंबर सांगितला. मंडळी सवयीनं ‘आमेन’ म्हणाली. मी म्हणाले नाही. शेजारच्या तानुबाईंनी माझ्याकडे तिरकं पाहिलं.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये अशी सूचना वाचायची ही आमची जुनी रीत. हा दुसरा रविवार होता. मुलगी आमच्याच मंडळीतल्या नानासो वायदंड्यांची पल्लवी, मुलगा उंब्रजचा शांतवन भंडारे. हरकत घ्यायला कुणी उठलेलं मी तरी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी एस्तेर लोंढे. बत्तीस वर्षं दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काढली. जखमा धुऊन धुऊन माणूस संशयी होतो. न्हाणीत घसरले म्हणून माझ्याकडे इतक्या बायका आल्या, की आमच्या भागातल्या न्हाण्यांत तेवढं पाणी कधी होतं का, असा मला प्रश्न पडतो.

साखरपुड्याला शांतवननं पेटीवर गीत म्हटलं, म्हाताऱ्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. सगळे खूश. मला मात्र इतकं गोड काही दिसलं की आधी चव बघावीशी वाटते. जेवताना त्यानं पाण्याच्या तांब्याकडे हात लांबवला. मध्ये त्याची आई हरणाबाई बसल्या होत्या. त्यांनी झटकन कोपर उचलून तोंडापुढे धरलं. क्षणभरच. मग त्याच हातानं त्यांनी केस सारखे केले.

हे मी पाळकसाहेबांना सांगितलं. संशयाला पुरावा लागतो, आपण प्रार्थना करू, असं ते म्हणाले. त्या दुसऱ्या रविवारी आम्ही जगभरच्या लढाया थांबाव्यात म्हणून प्रार्थना केली. डोळे मिटून मी विचार करत होते, की दूरची लढाई थांबवायला देव हवा, हे खरं. पण उंब्रजच्या एका घरातला हात थांबवायलाही त्यालाच हाक मारायची का? बाहेर पडताना नानासोंनी बातमी दिली, की हरणाबाई न्हाणीत घसरल्या, हात मोडलाय.

मला अंकिता आठवली. सात वर्षांपूर्वी ही आमच्या मंडळीतली मुलगी दोनदा माझ्याकडे पट्टी बांधायला आली होती. सोस, क्षमा कर, असं मी तिला सांगितलं, तिच्याबरोबर प्रार्थना केली आणि तिला नवऱ्याकडे परत पाठवलं. तिसऱ्या वेळी तिला उचलून आणलं, तेव्हा पट्टीची गरज उरली नव्हती. ते पाप माझंच आहे, आणि नुसतं कबूल करून ते हलकं होत नाही.

गुरुवारी एसटीनं उंब्रज गाठलं. शांतवन कामावर गेला होता. त्याचे वडील जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात मायलेक दोघंच. हरणाबाईंचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. मी एक्स-रे मागितला आणि दाराच्या उजेडात धरला. घसरणारा माणूस तळहातावर पडतो, हाड मनगटापाशी मोडतं. यांचं कोपराखालचं, करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलं होतं. अंगावर येणारा फटका अडवायला हात वर केला, की तिथं मोडतं.

“कुणी मारलं?” मी विचारलं.

“न्हाणीत घसरले वो.”

मी एक्स-रे त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी रस्त्यावर कुणी येतंय का ते पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “लगीन झालं की निवळंल त्यो. बायकू आली म्हंजी माज्यावरचं ध्यान तरी कमी हुईल.”

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं आणि त्या रडायला लागल्या. कुणाला सांगणार नाही असा शब्द त्यांनी मागितला. मी दिला नाही.

येताना नानासोंकडे गेले आणि एक्स-रेत पाहिलेलं सांगितलं. मांडव ठरला, पत्रिका वाटल्या, असं त्यांनी ऐकवलं. “सिस्टर, तुमाला जिथंतिथं जखमाच दिसत्यात,” म्हणाले. पल्लवी आतल्या दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

तिसऱ्या रविवारी उंब्रजची माणसंही आली होती. बायकांच्या बाजूला, माझ्या पुढच्याच बाकावर हरणाबाई. पाळकसाहेबांनी सूचना वाचली. ते गीताकडे वळायच्या आत मी उठले.

“हरकत आहे,” मी म्हणाले. “हरणाबाईंचा हात मारानं मोडलाय. घरात दोघंच असतात.”

सगळ्या माना हरणाबाईंकडे वळल्या.

“न्हाणीत घसरले मी,” त्या खाली बघत म्हणाल्या.

एवढंच. माझ्या बत्तीस वर्षांची किंमत तिथंच शून्य झाली. नानासो डोक्याला हात लावून बसले. शांतवन मात्र रागावला नाही. सिस्टरांचं वय झालंय, त्यांना माफ करा, असं हसून म्हणाला आणि पुरुषांच्या बाजूनं आईकडे आला.

“चल आई, भाईर बसू,” म्हणत त्यानं तिला उठवायला हात पुढे केला.

हरणाबाईंचा प्लास्टरचा हात झटकन तोंडापुढे गेला.

शांतवनचा हात तसाच हवेत राहिला. पाळकसाहेबांनी कागदाची घडी घातली. आमेन कुणी म्हटलं नाही.

हरणाबाईंनी हात खाली घेतला, पण तो ठेवायचा कुठे हे त्यांना कळेना. मी पुढच्या बाकावर जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि माझी शाल घडी करून प्लास्टरखाली सरकवली. थोड्या वेळानं पल्लवी आपल्या जागेवरून उठली, शांतवनच्या पुढून आली आणि हरणाबाईंच्या दुसऱ्या बाजूला बसली.