आवाज करायचा नाही

मित्रांनो, मी बालवाडीतला एक जुना, लाल, लाकडी फोन आहे. मला ना तार, ना घंटी. एका सुताराने उरलेल्या फळीतून मला घडवलं आणि आपल्या मुलीच्या वर्गाला दिलं. तेव्हा माझ्यासाठी भांडणं व्हायची. मुलांच्या बोलण्यातून त्यांची घरं मला कळायची. कोणाचे आजोबा गोष्ट सांगता सांगता स्वतःच घोरायचे, तर कोणाकडे भाजी निवडताना शेंगा मोजल्या जायच्या. पुढे बोलणारी बाहुली आली आणि मी कोपऱ्यात गेलो.

तिथे एक मुलगी यायची. वर्गात ती अवाक्षर काढत नसे. रंग विचारला, तर जमिनीकडे बघायची. माझा रिसीव्हर मात्र रोज कानाला लावायची आणि ऐकत राहायची. मी तर मुका, मग ती ऐकत होती कोणाचं? मध्येच मान हलवून "हो" म्हणायची.

शेवटी बाई म्हणाल्या, "हिला अजून वर्षभर इथेच ठेवू. पहिली झेपायची नाही."

त्याच दुपारी बालवाडीच्या मावशी माझ्याजवळ फरशी पुसत होत्या. मुलगी रिसीव्हरमध्ये बोलत होती, अगदी मोठ्या माणसाच्या आवाजात. "दाराशी जायचं नाही. कोणी हाक मारली तरी आवाज करायचा नाही. मी येईपर्यंत तू घरात नाहीसच."

मावशींचा हात थांबला. त्यांनी बाईंना बोलावून आणलं.

दुसऱ्या दिवशी आई आली. ती कारखान्यात कपडे शिवायची.

"घरात दुसरं कोणी नाही," ती म्हणाली. "तान्ही होती तेव्हा शेजारीण बघायची. ती गेल्यापासून बालवाडी सुटली की हिला घरात ठेवून कुलूप लावून जाते. पण पोर शहाणी आहे, माझं ऐकते."

"फार ऐकते," बाई हळूच म्हणाल्या.

त्या दिवसापासून आई येईपर्यंत मुलगी मावशींजवळ राहू लागली. मावशी झाडता-पुसता तिच्याशी बोलायच्या, काहीबाही विचारायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या. दीड महिन्याने ती मावशींशी पहिला शब्द बोलली, "सांडलं." मावशींनी बादली तशीच सोडून तिला पोटाशी धरलं.

मग बाईंनी तिला पहिलीत पाठवलंच. पहिलीचा वर्ग भिंतीपलीकडेच आहे. पहिल्या दिवशी हजेरी चालू होती. तिचं नाव आलं आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बारीक आवाज आला, "मी आहे."

मित्रांनो, मला नवा रंग नका देऊ. पण गप्प मूल दिसलं, तर त्याला मठ्ठ म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, बोला, थांबा. त्याला कोणाचा तरी आवाज ऐकू येत असतो. तुम्हाला तो येत नाही, इतकंच.