मला भाग जात नाही

मित्रांनो, मी एक जुनी मूळ संख्या आहे: नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर. एक आणि मी स्वतः, एवढे सोडले तर कोणत्याही संख्येने मला भाग जात नाही. चार अंकी मूळ संख्यांत सर्वांत मोठी मीच. त्याचे कौतुक मला पुरेसे झाले.

बेचाळीस साली साताऱ्याजवळच्या छावणीत जतकडचा एक मेंढपाळ भरती झाला. धुळा त्याचे नाव. त्याचा शिपाई नंबर म्हणून मी त्याच्या वाट्याला आले. वडूजच्या आकारामला माझ्या पाठची संख्या मिळाली, आणि शेजारच्या खाटांवर दोघांची गट्टी जमली.

संध्याकाळच्या वर्गात धुळा भागाकार शिकला आणि त्याला वेडच लागले. पाटीवर मला मांडून तो दोनने, तीनने, सातने भागू लागला. मास्तर म्हणाले, "शंभराच्या आतल्या मूळ संख्या तपास, पुरे. शंभर गुणिले शंभर दहा हजार होतात, आणि तुझी संख्या त्याहून लहान. तिला भाग जायचाच असेल, तर एक तरी भाजक शंभराच्या आत सापडेल."

धुळाने एकेक करत सगळ्या तपासल्या. दर वेळी बाकी उरली.

"आकाराम, लेका, माजा आकडा फुटतच न्हाई रं!" तो हरखून ओरडला. "तुजं बग, दोननं सरळ दोन तुकडं!"

चव्वेचाळीस साली पलटण ब्रह्मदेशाकडे निघाली. छावणीच्या कोठारावर एकाला मागे ठेवायचे होते. सुभेदाराने धुळाचे नाव घेतले, कारण घरी त्याची बायको हरणाबाई पोटुशी होती. सुटला बिचारा, असे मला वाटले. पण धुळाच पुढे झाला.

"आकारामला ठेवा सायब. त्येचा आकडा फुटतो. मला काय हुत न्हाई."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. भाग न जाणे हा माझा गुण खरा, पण त्याने गोळी अडत नाही.

पावसाळ्यात धुळा लढाईत पडला. पुढे रजा मिळाली तेव्हा आकाराम आपले घर सोडून आधी जतला गेला. हरणाबाई तान्ही लेक मांडीवर घेऊन माळावर बसली होती. त्याने रडत रडत सगळे सांगितले.

"आवं भावजी, आमी मेंढरं कवा मोजत न्हाई, तोंडावरनं वळखतो," ती म्हणाली. "आमच्या ह्यास्नी आकड्यावर इस्वास ठेवायला कुनी शिकिवलं?"



मूळ संख्यांना अंत नाही. माझ्याहून कितीतरी मोठ्या पुढे उभ्या आहेत, आणि त्यांतली एकही कुणाला वाचवणार नाही. मित्रांनो, मला पाटीवर हवे तितके भागा, पण माझ्या भरवशावर आपले माणूस धाडू नका. धुळा गेला. मी होते तशीच आहे, मला साधा ओरखडाही नाही.