दूधराजाशेजारचं लाल फूल

बापूंना त्या फोटोंच्या प्रदर्शनातून काय मिळायचं होतं ते आधी बघून घेऊ: एक शाल, एक नारळ आणि माइकवरून पुकारलेलं ‘भगवंतराव’ हे नाव. तेही देवासच्या मराठी मंडळींच्या त्याच सभागृहात, जिथे तीस वर्षं त्यांनी सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. टेकडीवरच्या देवळात पूजेचं सामान सांभाळणाऱ्या माणसाला एवढं पुष्कळ होतं.

इंदूरचा त्यांचा भाचा अजेय, त्याच्या फोटोला देशपातळीवरचं बक्षीस मिळालेलं. फोटो काढला होता बापूंच्याच परसात, चिकूच्या झाडावर. दूधराजाचं, म्हणजे स्वर्गीय नर्तक पक्ष्याचं घरटं, आत चोची उघडून बसलेली दोन पिल्लं, आणि वर पांढऱ्या रिबिनीसारखी शेपटी सोडून बसलेला नर.

पिल्लं दुसऱ्याच दिवशी मेली. मे महिना होता. बापूंच्या बायकोने, सुमंगलाकाकूंनी, दोष सुनेला दिला: शिखाने चिकूजवळच्या दोरीवर साड्या वाळत घातल्या, पक्षी बुजले, पिल्लं उपाशी मेली. लग्नाला सहा वर्षं होऊन शिखाला मूल नव्हतं, त्यामुळे पुरावा मागायची कुणाला गरज वाटली नाही. हिने भरलं घरटं मोडलं, असं काकू गल्लीभर सांगून आल्या, आणि तेव्हापासून कुणाची ओटी भरायला शिखाला नेणं बंद झालं. तिच्या नवऱ्याने, अंशुलने, आईची बाजू घेतली नाही. बायकोचीही घेतली नाही. त्याला घरात शांतता आवडते.

प्रदर्शनाला सगळे गेले. वाघ होते, घुबडं होती, चंबळच्या सुसरी होत्या. पण गर्दी दूधराजापाशी. मोबाईलवर सगळ्यांनी पाहिला होता तो कडा कापलेला फोटो. इथे तो अख्खा टांगला होता, चांगला चार फूट रुंद. निवृत्त शिक्षिका इरावतीबाई चष्मा वर करून म्हणाल्या, कडेला ते लाल फूल किती नेमकं आलंय. दोघातिघांनी माना डोलावल्या. चिकूला लाल फूल येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण बक्षीस मिळालेल्या चिकूला कोण विचारणार?

शिखा बराच वेळ त्या कडेकडे बघत राहिली. फूल नव्हतं ते. देवळात मनगटावर बांधतात ती धाग्याची मोली होती, लाल-पिवळी, पानांच्या झुबक्याला तीन वेढे देऊन मागे ओढून बांधलेली. तशा मोलीचे गुंडे घरात एकाच माणसाच्या पिशवीतून येत.

“बापू,” ती हळूच म्हणाली, “डहाळ्या तुम्ही बांधल्या होत्या ना? पिल्लांवरची सावली त्यानेच गेली.”

बापूंनी नाही म्हटलं नाही. अजेयला पानं आड येत होती. बापूंनी ती बांधून दिली आणि आरतीला वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी पिल्लं मेलेली दिसल्यावर, कुणी परसात यायच्या आत, धागे त्यांनीच सोडून घेतले होते.

“देवीचा धागा आहे तो,” ते म्हणाले. “त्याने कुणाचं वाईट होतं का? आत्ता नाव पुकारतील. मागे सरक जरा.”

काकूंनीही फोटो जवळ जाऊन पाहिला. सगळं कळलं त्यांना. बाई हुशार आहे. मग त्या सुनेकडे वळल्या. “बांधल्या असतील. पण साड्या तूच घातल्या होत्यास ना?”

“शिखा, छोड़ ना यार,” अंशुल म्हणाला. “लोक बघतायत.”

नाव पुकारलं गेलं. अजेय मंचावरून म्हणाला, मामा नसते तर हा फोटो झाला नसता. त्या संध्याकाळी एवढं एक वाक्य तंतोतंत खरं होतं. टाळ्या भरपूर पडल्या.

आठवड्याने शेजारच्या अल्पनाच्या डोहाळजेवणाचं बोलावणं आलं, दोघींना. काकू एकट्याच गेल्या.

तर भाच्याला बक्षीस, मामाला मान, मामीला आपलं म्हणणं, आणि अंशुलला शांतता. या सगळ्याची परतफेड केली ती दोन पिल्लांनी आणि शिखाने. पिल्लांची एका दुपारीच झाली. शिखाची अजून चालू आहे.